मालमोटारीवरील एरियल

आपल्या छत्रपती संभाजीनगरांतून जालन्याच्या, नगरच्या किंवा धुळ्याच्या रस्त्यास लागलें, म्हणजे मालमोटारींची रांग दिवसरात्र तुटत नाहीं. वाळूजच्या कारखान्यांतील यंत्रें, जालन्याचें लोखंड, मराठवाड्याचा कापूस, सर्व कांहीं या रस्त्यांनीं जातें. आपण मुलांबाळांसह गाडींतून जात असतांना मुलें या मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेलीं वाक्यें मोठ्यानें वाचतात, पुढें टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे व काळ्या बाहुलीकडे बोट दाखवितात. आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहे ती मात्र या गाड्यांवर बहुधा आढळत नाहीं. अमेरिकेच्या हमरस्त्यांवर ती पन्नास वर्षांपूर्वीं इतकी सार्वत्रिक झाली, कीं तिच्यावांचून मालमोटार पुरी झाली असें कोणी मानीत नसे. ती वस्तु म्हणजे बाजूच्या आरशापाशीं उभी केलेली, वाऱ्यानें डोलणारी एक काठी. बिनतारी यंत्राचें एरियल, ज्याला आतां सर्रास अँटेना म्हणतात.

आपल्याकडे जी वस्तु दिसत नाहीं तिची चर्चा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मी भाषणाच्या शेवटीं देणार आहे. तूर्त एवढेंच सांगतों, कीं ज्या दिवशीं आपल्या हातांतील दूरध्वनि मुका होतो, त्या दिवशीं या काठीची योग्यता कळून येते; आणि ती काठी कोठें व कशी उभी करावी हें ठाऊक नसेल, तर किंमती यंत्रहि कुचकामी ठरतें. क्वचित् प्रसंगीं तीच काठी प्राणावरहि बेतते.

प्रथम थोडा इतिहास. १९५८ सालीं अमेरिकेच्या सरकारनें २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा सामान्य नागरिकांच्या बोलण्याकरितां मोकळा केला. त्याला ‘सिटिझन्स बँड’ म्हणजे नागरिकांचा पट्टा असें नांव पडलें. कांहीं वर्षें त्याचा उपयोग दुकानदार, कारागीर व शेतकरी करीत. पुढें १९७३ सालीं तेलाची टंचाई झाली, पाठोपाठ ताशीं ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आणि पेट्रोल कोठें मिळतें, रस्ता कोठें तुंबला आहे, पोलीस कोठें उभे आहेत, हें परस्परांस कळविण्यासाठीं मालमोटारवाल्यांनीं हा पट्टा उचलला. १९७७ सालीं त्यांतील वाहिन्यांची संख्या २३ वरून ४० झाली. त्यांपैकीं एकोणिसावी वाहिनी रस्त्यावरच्या गप्पांची व नववी संकटाची, असा संकेत रूढ झाला.

आपल्या देशांत २००५ सालीं २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत ५ वॅटपर्यंतच्या अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यांतून सूट देण्यांत आली. तथापि या सवलतीस अटी आहेत, आणि गाडीवर बाहेरून एरियल उभारूं इच्छिणारानें त्या अटी स्वतः नीट वाचल्यावांचून हात घालूं नये. जे हौशी बिनतारीवाले सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतात, त्यांना याच शेजारचा, २८ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा पट्टा वापरतां येतो. मी स्वतः त्यांपैकीं एक आहें, आणि पुढें जें सांगणार आहें तें दोन्ही पट्ट्यांस सारखेंच लागू पडतें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. एरियल म्हणजे केवळ ‘लाटा पकडणारी तार’ अशी आपली समजूत असते. घरच्या रेडिओच्या बाबतींत ती चालून जाते. तेथें वीत-दोन वीत तारेचा तुकडा खिडकींतून बाहेर सोडला तरी गाणें ऐकूं येतें. परंतु ज्या एरियलनें बोलावयाचें आहे त्याला मापाचें बंधन असतें. २७ मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारें ११ मीटर. तिच्या चतुर्थांशाइतकी काठी घेतली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मीटर, तर ती त्या लाटेशीं सूर जुळवून घेते. सतारीच्या तारेची लांबी व ताण बदलला कीं सूर बदलतो, तसाच हा प्रकार आहे. पावणेतीन मीटर म्हणजे नऊ फूट! एवढी काठी घेऊन रस्त्यानें जाणें सोपें नव्हे. म्हणून काठी आखूड करून तिची उणीव तारेच्या वेटोळ्यानें भरून काढतात. वेटोळें बुडाशीं असतें, मध्यें असतें किंवा शेंड्याकडे असतें. बुडाशीं असलें तर काठी हलकी व बळकट होते. मध्यें किंवा वर असलें तर काठीचा अधिक भाग प्रवाहानें भरलेला राहतो व आवाज दूर जातो. मालमोटारवाल्यांची आवडती काठी काचतंतूची असते, व तिच्यावर तार गुंडाळून शेंड्याकडे ती दाट केलेली असते. मात्र जितकी काठी आखूड, तितकी तिची कार्यक्षमता कमी, हा नियम कोणत्याहि वेटोळ्यानें टळत नाहीं.

येथपर्यंतचें सर्व काठीविषयीं झालें. पण श्रोतेहो, काठी हें एरियलचें अर्धें अंग आहे. दुसरें अर्धें अंग म्हणजे गाडीचा पत्रा. काठींतून वर चढणाऱ्या विजेला परतीची वाट हवी असते. ती वाट गाडीचें धातूचें अंग पुरवितें. शांत तळ्याच्या कांठीं उभ्या असलेल्या झाडाचें प्रतिबिंब पाण्यांत उलटें दिसतें आणि झाड दुप्पट उंच भासतें. पत्र्यावर उभ्या केलेल्या काठीचेंहि तसेंच होतें. तळें जितकें विस्तीर्ण, तितकें प्रतिबिंब पुरें. म्हणून शास्त्राप्रमाणें सर्वांत उत्तम जागा कोणती, तर पत्र्याच्या टपाचा बरोबर मध्यभाग. तेथें काठीभोंवतीं चारी दिशांस सारखाच पत्रा असतो, आणि आवाजहि चारी दिशांस सारखा पसरतो.

काठी एका कोपऱ्यांत लावली तर काय होतें? आवाज त्या कोपऱ्याकडून गाडीच्या ज्या बाजूस अधिक पत्रा पसरला आहे त्या बाजूस अधिक जातो. म्हणजे काठी डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यांत असली, तर उजवीकडे पुढें बोलणें चांगलें पोंचतें आणि डावीकडे मागें तें दुबळें होतें. बंपरवर लावलेली काठी तर अर्धी केबिनच्या किंवा हौद्याच्या आड जाते. म्हणून जाणते लोक असा नियम सांगतात, कीं काठी कोठेंहि लावा, पण तिचा निदान दोन-तृतीयांश भाग टपाच्या वर राहिला पाहिजे.

मग मालमोटारवाले ती टपाच्या मध्यावर कां लावीत नाहींत? कारण केबिनचा टप आधींच उंच असतो. त्यावर काठी उभी केली तर पुलाखालून, झाडाखालून जातांना ती तुटते. शिवाय पुष्कळ परदेशी मालमोटारींच्या केबिनी आतां काचतंतूच्या असतात. त्यांच्या टपाचा एरियलला तळें म्हणून कांहींच उपयोग नाहीं. म्हणून त्यांनीं बाजूच्या आरशाची लोखंडी चौकट पसंत केली. ती केबिनपासून थोडी दूर असते, हाताशीं असते, आणि गाडीस भोंक पाडावें लागत नाहीं.

आपण चित्रांत अशा गाडीच्या दोन्ही आरशांवर एकेक काठी पाहिली असेल. ती नुसती शोभा नव्हे. दोन काठ्यांस एकाच वेळीं, एकाच तालांत वीज दिली, तर पुढें व मागें दोहोंच्या लाटा एकमेकींत मिळून बळावतात, आणि दोन्ही बाजूंस त्या एकमेकींस कांहीं अंशीं मारतात. मालमोटारवाल्याला बोलावयाचें असतें तें आपल्याच रस्त्यावर पुढें-मागें असलेल्या सोबत्यांशीं, बाजूच्या शेतांशीं नव्हे. तेव्हां ही योजना त्याच्या गरजेस चपखल बसते. परंतु हें साधावयाचें तर दोन काठ्यांत निदान पाव लाटेचें, म्हणजे सुमारें नऊ फुटांचें अंतर हवें. मालमोटारीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास, त्यावर आरसे बाहेर आलेले; म्हणून तेथें हें अंतर जेमतेम साधतें. लहान मोटारीवर दोन काठ्या लावणारा मनुष्य दुप्पट खर्च करून एका काठीइतकेंच फळ मिळवितो. दोन्ही काठ्यांकडे जाणाऱ्या केबलीहि अगदीं सारख्या लांबीच्या लागतात. एक हातभर आखूड झाली कीं ताल बिघडला.

आतां माझ्या अनुभवाची एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही कांहीं हौशी मंडळींनीं संकटकाळच्या संदेशवहनाची तालीम करावयाचें ठरविलें. एका स्नेह्यानें आपली मालमोटार दोन दिवसांसाठीं दिली, ड्रायव्हरासह. मीं मोठ्या ऐटींत आरशाच्या चौकटीस काठी आंवळली, केबल आंत घेतली, आणि परत येणारी शक्ति मोजणारा मापक जोडला. या मापकाविषयीं दोन शब्द सांगावयास हवेत. यंत्रानें पाठविलेली सर्व शक्ति एरियलनें स्वीकारली तर मापक १ दाखवितो. तो १.५ असला, तर शंभरांतील चार भाग परत फिरतात. २ असला तर अकरा. ३ असला तर चतुर्थांश शक्ति परत येते, आणि कांहीं यंत्रें त्या माऱ्यानें जळूनहि जातात. माझा मापक ३ च्या पलीकडे गेला होता.

मीं काठी वर-खालीं केली. नियम असा आहे, कीं पट्ट्याच्या वरच्या टोंकास आंकडा अधिक आला तर काठी लांब झाली आहे असें समजून ती आखूड करावी. खालच्या टोंकास अधिक आला तर लांब करावी. मीं दोन तास हाच खेळ केला. सर्व पट्टाभर आंकडा सारखाच वाईट! मीं केबल बदलली, जोडण्या पुन्हा डाखल्या, आणि शेवटीं काठीच सदोष आहे असा निकाल देऊन मोकळा झालों.

ड्रायव्हर वयस्क होता. शाळेंत फारसा गेलेला नव्हता, असें त्यानेंच सांगितलें होतें. तो इतका वेळ बाजूस विडी ओढीत उभा होता. तो पुढें आला व म्हणाला, “साहेब, रागावूं नका. गाडीचा दिवा म्हणा, हॉर्न म्हणा, एकच वायर जाते. दुसरी चासीवरून घेतात. चासीला गंज चढला कीं दिवा मिणमिणतो. तुमच्या काठीला अर्थ कोठून दिला?”

मीं आरशाच्या चौकटीकडे बोट दाखविलें. तो हंसला. “ही चौकट दारावर आहे. दार बिजागरीवर आहे. बिजागरींत ग्रीस आहे. आणि चौकटीवर रंगाचे तीन हात मीच मारलेत.”

असें म्हणून त्यानें आपल्या पेटींतून काचकागद काढला, चौकटीचा रंग जागेवरून खरवडून लोखंड उघडें केलें, आणि जुन्या बॅटरीच्या जाड वेणीसारख्या तारेचा एक तुकडा चौकटीपासून थेट चासीच्या बोल्टापर्यंत आंवळला. मापकाचा कांटा १.५ च्याहि खालीं आला. दोन तासांत जें पुस्तकी ज्ञानानें झालें नाहीं तें पांच मिनिटांत काचकागदानें झालें. एरियल उभारणारांनीं पहिला धडा म्हणून लक्षांत ठेवावा असें हें आहे: काठी बदलण्यापूर्वीं तिच्या बुडाखालचा रंग खरवडा.

आणखी दोन गोष्टी सांगून हा भाग संपवितों. मोजमाप घेतांना गाडी मोकळ्या मैदानांत, भिंती व झाडें यांपासून दूर उभी करावी आणि दारें बंद ठेवावीं. उघडें दार हाहि पत्राच आहे व तो आंकडा फिरवितो. केबल उरली तर तिचें गच्च वेटोळें करून बैठकीखालीं कोंबूं नये. ती सैल, लांबट घडी घालून ठेवावी, आणि दाराच्या फटींत ती चेंगरत नाहीं हें पाहावें. चेंगरलेली केबल बाहेरून धड दिसते, पण आंत पाणी शिरून ती मरते.

आतां ज्या धोक्याचा मीं आरंभीं उल्लेख केला त्याकडे वळतों. कृपा करून घरांतील मोठ्या माणसांनीं हा भाग लक्षपूर्वक ऐकावा. भारतीय विद्युत नियमांनीं १९५६ सालीं असें ठरवून दिलें, कीं रस्ता ओलांडणारी कमी दाबाची वीजवाहक तार जमिनीपासून निदान ५.८ मीटर, व ११,००० व्होल्टसारख्या उच्च दाबाची तार निदान ६.१ मीटर उंच असावी. आतां आपणच बेरीज करा. मालमोटारीच्या केबिनचा टप तीन मीटरच्या घरांत. त्यावर पावणेतीन मीटरची पुरी काठी. बेरीज झाली पावणेसहा मीटर. नियमानें दिलेल्या उंचीपासून अवघी वीतभरहि जागा उरली नाहीं! आणि उन्हाळ्यांत तारा तापून खालीं झोलतात, खांब कलतात, रस्त्यावर नवे थर चढून रस्ता उंच होतो. ही हिशेबाबाहेरची बाब आहे. विजेवर चालणाऱ्या रेल्वेमार्गावर तर २५,००० व्होल्टची तार असते, आणि तिला प्रत्यक्ष स्पर्श होण्याचीहि वाट पाहावी लागत नाहीं. पुरेशी जवळीक झाली तरी ठिणगी उडी घेते. फाटकापाशीं आडवी उंचीची चौकट उभारलेली असते ती याचसाठीं. काठी वाकवून त्या चौकटीखालून नेणारा आणि पलीकडे गेल्यावर ती पुन्हा सरळ होऊं देणारा, आपल्या हातानें आपला घात करतो.

म्हणून माझें स्पष्ट मत आहे, कीं आपल्या रस्त्यांवर मालमोटारीच्या टपावर पुऱ्या मापाची काठी कधींहि लावूं नये. आखूड काठी, आरशाच्या उंचीवर, बुडाशीं स्प्रिंग. थोडें अंतर कमी पडलें तरी हरकत नाहीं. गाडी थांबवून बोलावयाचें असेल तर, वर तारा नाहींत हें चारी बाजूंनीं पाहून मगच लांब काठी जोडावी, आणि निघण्यापूर्वीं ती उतरवून ठेवावी. वादळी ढग जमले असतां ती उभीच करूं नये.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर. आपल्या खिशांत दूरध्वनि असतां हा खटाटोप कशासाठीं? मराठवाड्यांतील माणसानें हा प्रश्न विचारूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला व हजारों माणसें घरांच्या दगडांखालीं गाडलीं गेलीं. त्या वेळीं हौशी बिनतारीवाले आपलीं यंत्रें घेऊन तेथें गेले आणि निरोप पोंचविण्याचें काम त्यांनीं केलें. पडलेल्या गांवांत उंच मनोरा कोण उभारणार? अशा वेळीं जी गाडी, जी बॅटरी आणि जी काठी हाताशीं असेल तिच्यावरच सर्व भिस्त असते.

त्याहून जवळचें उदाहरण द्यावयाचें तर कन्नड आणि चाळीसगांव यांमधील औट्रम घाटाचें देतां येईल. सोलापूर-धुळे रस्त्यावरची सर्व अवजड वाहतूक ज्या घाटानें उतरे, त्यांत ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं मुसळधार पावसानें दरडी कोसळल्या, वाहनें अडकून पडलीं आणि रस्ता बंद झाला. घाटांत डोंगर हा लाटांच्याहि आड येतो. २७ मेगाहर्ट्झची लाट सपाट माळावर कांहीं किलोमीटर सुखानें जाते, पण वळणापलीकडच्या कड्यास ती भेदीत नाहीं. तथापि रांगेंत एकामागें एक उभ्या असलेल्या गाड्या हीच तेथें साखळी होते: वरच्या वळणावरच्यानें मधल्यास सांगावें, मधल्यानें खालच्यास. ‘पुढें दरड आहे, येऊं नका’ एवढें एक वाक्य अशा साखळींतून वेळेवर खालीं पोंचलें, तर किती गाड्या वांचतील याची कल्पना आपणच करावी. या कामाला मनोरा लागत नाहीं, महिन्याचें बिल लागत नाहीं; लागते ती नीट लावलेली काठी आणि तिच्यावर बोलण्याची शिस्त.

आपलें शहर बिनतारीस नवखें नाहीं. १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां संस्थानी प्रदेशांत ज्या मोजक्या गांवीं नभोवाणीकेंद्रें होतीं, त्यांत औरंगाबाद होतें. त्या काळीं ज्या घरांवर एरियलची तार ताणलेली असे, त्या घरापाशीं शेजारीपाजारी संध्याकाळीं जमत. आतां तारा गेल्या, घरांवरचे बांबू गेले. सोय वाढली ही आनंदाची गोष्ट. पण सोयीबरोबर ज्ञानहि गेलें, तर ती सोय ज्या दिवशीं बंद पडेल त्या दिवशीं आपण दुप्पट पांगळे होऊं.

म्हणून माझी विनंति एवढीच, कीं आपल्या घरांतील विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींस हौशी बिनतारीची परीक्षा देण्याची गोडी लावा. त्यांना पुस्तकांतील पाव लाटेचें गणित येईलच. पण त्यांना एकदां एखाद्या मालमोटारीच्या ड्रायव्हरापाशींहि नेऊन उभें करा, आणि चासीला अर्थ कसा देतात तें त्याच्या हातून शिकूं द्या. माझ्या हातून दोन तासांत जें झालें नाहीं, तें त्यांच्या हातून होईल.